वझं

"वझं वाहाले आपलेच पैसा देना पडतस का, मॅडम?"

चोपडा तालुक्यातल्या एका गावात, घराच्या ओट्यावर बसून, आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला हे विचारलं. मी संमतिपत्रावर सही घ्यायला गेले होते. पोरगा दुसऱ्या वर्षाला, माझ्याच भूगोलाच्या वर्गात, आणि कॉलेजच्या डोंगरभटक्या गटातल्या अठरा जणांपैकी एक. जूनच्या अखेरीस हिमाचलात जायचं, हम्पता खिंड ओलांडायची, तंबूत राहायचं, खेचरं करायची नाहीत, आपलं सामान आपल्याच पाठीवर, असं सगळं मी उत्साहानं सांगत होते. शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हा प्रश्न विचारला. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं.

हा माणूस वीस-पंचवीस वर्षं केळी वाहतो आहे. तोडणीच्या टोळीत. एक घड वीस-पंचवीस किलोचा. बागेला पाणी दिलेलं असतं, गारा पाय धरून ठेवतो, केळीचा चीक कपड्यावर पडला की तो डाग जन्मभराचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, आणि बांधापलीकडं उभ्या असलेल्या गाडीपर्यंत तो असा न्यायचा की फळाला ओरखडा येता कामा नये. अशा फेऱ्या दिवसभर. त्यांच्या मानेमागं, कॉलरच्या जरा वर, कातडी जाड होऊन चकाकत होती. मी उत्तर देत होते तेव्हा माझं लक्ष तिकडंच जात होतं.

उत्तर काय दिलं? आत्मविश्वास वाढतो, निसर्ग कळतो, एकमेकांना सांभाळून घ्यायची सवय लागते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, सही केली. पैसे आधीच भरलेले होते. काही पोरानं सुट्टीत कामाला जाऊन जमवलेले, काही त्यांनी दिलेले. परतीच्या एसटीत मला जाणवत राहिलं की प्रश्न आहे तिथंच राहिला आहे.

आमच्या गटात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारतो. कधी सुरू झालं आठवत नाही, पण सोयीचं पडलं. सावदा, पारोळा, साक्री, धडगाव, चोपडा. म्हणून इथंही तसंच लिहिते.

निघायच्या आधी महिनाभर रविवारी सकाळी आम्ही पाठीवर पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन चालायचो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून पहाटे चारला निघून आठच्या आत परत. त्याआधी फेब्रुवारीत अस्तंब्याला जाऊन आलो होतो. सातपुड्यातलं हे शिखर सुमारे १,३२५ मीटर. दिवाळीत इथं यात्रा भरते, रात्रभर लोक अश्वत्थाम्याचा जयजयकार करत चढतात. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत तो अजून याच डोंगरात फिरतो, असं आमच्याकडं लहानपणापासून सांगतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रा नव्हती, डोंगर एकटा होता.

त्या चढावर धडगाव सगळ्यांच्या शेवटी होती. पावरा घरातली मुलगी, अंगानं बारीक. सावदा म्हणजे आमचा कबड्डीपटू, दोन-दोन दगड ओलांडत पुढं जायचा, मग धापा टाकत बसायचा. धडगाव एकदाही बसली नाही आणि माथ्यावर त्याच्याबरोबरच पोचली. मी विचारलं तर म्हणाली, "दम लागला की थांबायचं नाही मॅडम. पाऊल लहान करायचं." तिच्या पाड्यावर पाणी खालच्या झऱ्यावरून आणावं लागायचं. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन चढताना मध्ये थांबलं तर हंडे उतरवायला आणि परत चढवायला दुसरं माणूस लागतं. त्यामुळं थांबायचंच नाही, हा तिचा शोध वयाच्या दहाव्या वर्षाचा.

सामान भरायच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये कापूस मोजायचा लटकता काटा आणून टांगला होता. अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त कुणी उचलायचं नाही, असं ठरलेलं. नाशिकहून भाड्यानं आणलेल्या सॅका ओळीनं मांडल्या होत्या. पावसापासून बचाव म्हणून प्रत्येकीत खताच्या गोणीच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी, धुऊन वाळवून घातलेली. मी कागदावर लिहून आणलेल्या क्रमानं माझी सॅक भरली आणि पाठीवर घेतली. सॅक मागं ओढायला लागली.

चोपडा इतका वेळ भिंतीला टेकून गप्प उभा होता. तो पुढं आला, म्हणाला, "मॅडम, उतरवा." सगळं बाहेर काढलं. स्लीपिंग बॅग तळाला घातली. मग डाळ-तांदळाच्या पिशव्या, स्टोव्ह, जे जड ते सगळं मधल्या उंचीवर पण पाठीच्या बाजूला, अगदी चिकटून. बाहेरच्या अंगाला कपडे. वर रेनकोट. "जड वस्तू अंगापासून लांब गेली की ती आपल्याला ओढते. घडाचंही तसंच असतं, तो अंगालाच धरावा लागतो." मग कमरेचा पट्टा आधी आवळायला सांगितला, खांद्याचे पट्टे नंतर. तीच सॅक, तेच साडेनऊ किलो, पण आता मी सरळ उभी राहू शकत होते.

दोन वर्षांत त्यानं वर्गात कुणाला वडील काय करतात ते सांगितलेलं नव्हतं. "शेती" एवढंच म्हणायचा. त्या संध्याकाळी त्यानं अठराच्या अठरा सॅका भरून दिल्या, आणि पारोळ्यानं विचारलं तेव्हा घड कसा उचलतात तेही करून दाखवलं.

भुसावळहून रेल्वेनं अंबाला, तिथून रात्रभर बस. मंडीच्या पुढं उजाडलं, बियास दिसली आणि पोरं खिडक्यांना चिकटली. मनाली सुमारे २,०५० मीटरवर. आमचं जळगाव दोनशेच्या आसपास. म्हणजे नुसतं बसमध्ये बसूनच आम्ही अस्तंब्याहून वर आलो होतो. एक दिवस तिथं काढला. मग प्रीणीहून वळणावळणाच्या रस्त्यानं जोबऱ्यापर्यंत गाडी, आणि गाडी मागं वळून गेली तेव्हा एकदम शांत झालं. राणी नाल्याचा आवाज तेवढा.

चिक्याच्या तळावर दोन रात्री राहिलो. ही दुसरी रात्र मी हट्टानं वाढवून घेतली होती. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधा नियम आहे, आणि आम्ही तापीकाठची माणसं. आमच्या रक्ताला विरळ हवेची काहीच सवय नाही. त्या मोकळ्या दिवशी नाल्याच्या काठानं भूर्जाची झाडं पाहिली. खोडावरची साल कागदासारखी पापुद्रे पापुद्रे सुटलेली. भूर्जपत्र हा शब्द मी शाळेपासून ऐकलेला, पोथ्या त्याच्यावर लिहायचे एवढं ठाऊक. हात लावला तर आतून गुलाबीसर, आणि बाळाच्या कातडीसारखी मऊ.

तिथंच गद्दी मेंढपाळांचा कळप वर निघालेला भेटला. उन्हाळ्यात ते मेंढ्या घेऊन खिंडीपलीकडं लाहौलात उतरतात. एका म्हाताऱ्याच्या लोकरी डगल्यातून कोकराचं तोंड बाहेर आलेलं. साक्री ते बघून उभाच राहिला. त्याच्याकडचे ठेलारी असेच कळपामागं महिनोन् महिने चालतात, घोड्यावर संसार आणि संसारावर बांधलेलं कोकरू. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, साक्रीचं हिंदी यथातथा. तरी दोघं अर्धा तास मेंढ्यांच्या खुरांविषयी बोलत होते. त्या अर्ध्या तासात साक्रीला जे मिळालं ते माझ्या कुठल्याही तासाला मिळालं नसतं.

आता बालू का घेराच्या रात्रीबद्दल. मला हे नीट सांगायचं आहे.

तो तळ ३,७०० मीटरच्या आसपास. चिक्याहून तिथं पोचायला दिवस लागला. त्या चढावर दुपारी माझे पाय भरून आले होते. सावदा माझ्या बाजूनं चालत होता. "द्या मॅडम" म्हणाला. मी नको नको म्हणत थर्मास दिला. मग रेनकोट दिला. मग शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा, जो मी सगळ्यांसाठी म्हणून हौसेनं आणला होता. तळावर पोचल्यावर गडबडीत ते परत घ्यायचं राहून गेलं. खरं म्हणजे मी विसरले.

सावद्यानं रात्री जेवण टाळलं. अकराला उलटी, एकला पुन्हा. डोकं फुटतंय म्हणाला, गोळीनं उतार नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन ७२ टक्के. बाकी पोरांचे पंच्याऐंशीच्या पुढं होते. विरळ हवेचा त्रास कुणाला होईल ते ताकदीवर ठरत नाही, मी स्वतः हे त्यांना फळ्यावर शिकवलं होतं, आणि तरी माझ्या मनात यादी होती ती वेगळीच; त्या यादीत सावद्याचं नाव सगळ्यांच्या शेवटी होतं. वाटाड्यानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "नीचे." दुसरा उपाय नसतोच. तासाभरात, बॅटरीच्या उजेडात, आमच्याबरोबरचे सर आणि वाटाड्याचा मदतनीस त्याला घेऊन चिक्याकडं उतरले. जाताना तो रडत होता. "मी खिंड बघितलीच नाही," एवढंच म्हणत होता. तीनशे-चारशे मीटर उतरल्यावरच त्याला बरं वाटायला लागलं, हे मला दोन दिवसांनी मनालीत कळलं. त्या रात्री कळायची सोय नव्हती.

पहाटे चारला त्याची सॅक वाटून घ्यायला आम्ही गोल बसलो. ती त्याच्याबरोबर पाठवली नव्हती. त्याला फक्त गरम कपडे आणि पाणी दिलं होतं. चोपड्यानं एका हातानं सॅक जमिनीवरून वर उचलली, क्षणभर तशीच धरली आणि म्हणाला, "हे साडेबारा नाही. सोळा आहे."

उघडली. त्याच्या वाटणीचे तंबूचे खांब, तांदूळ. त्याखाली दोन मुलींचे गॅसचे छोटे सिलिंडर, जे त्यांनी वाटेत दिले होते आणि माझ्यासारख्याच विसरल्या होत्या. पारोळ्याचे ओले बूट. आईनं दिलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, फडक्यात गुंडाळलेले, एकही न मोडलेला. आणि वरच, माझा थर्मास, माझा रेनकोट, माझा चटणीचा डबा.

कुणी काही बोललं नाही. मी तिन्ही वस्तू उचलून माझ्या सॅकेत घातल्या. त्यानं तो आजारी पडला असं मी म्हणत नाही, तो रिकाम्या पाठीनंही आजारी पडला असता. पण अतिश्रमानं हा त्रास बळावतो, हेही मी शिकवलेलं आहे. त्या सोळा किलोंत दोन-अडीच किलो माझे होते. हे मी मनालीत त्याला सांगितलं, माफी मागितली, आणि तो इतका ओशाळला की मलाच त्याची समजूत काढावी लागली.

उरलेलं सामान कुणी न मागता हातोहात गेलं. बिबड्यांचं फडकं धडगावनं घेतलं. ते वजनाला काहीच नव्हतं, पण मोडू न देता न्यायचं म्हणजे सगळ्यात अवघड.

खिंडीचा चढ मी थोडक्यात सांगते, कारण त्यातलं फारसं आठवत नाही. बर्फ, पुढच्याच्या पावलात पाऊल, आणि श्वास. पाऊल लहान करायचं, पाऊल लहान करायचं, हे धडगावचं वाक्य मी मनात म्हणत होते. ४,२७० मीटर. हवेचा दाब तिथं समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. केळीच्या वेफर्सची पाकिटं फुग्यासारखी टम्म झालेली. पारोळ्यानं एक फोडलं तर फाटकन आवाज झाला आणि सगळे हसले. दाबाचा धडा तेवढ्यात झाला.

पण मी वर उभी राहून मागं-पुढं पाहिलं ते मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मागं कुल्लूची बाजू, ढग भरून आलेले, खाली हिरवं. पुढं लाहौल, उघडं, तपकिरी, आभाळ कोरडं निळं. मध्ये पीर पंजालची रांग आणि तिच्यावर आम्ही. सतरा वर्षं मी फळ्यावर डोंगर काढते, एका बाजूला तिरप्या रेघांचा पाऊस, दुसऱ्या बाजूला काही नाही, आणि खाली लिहिते: पर्जन्यछाया. आमचा खानदेश तसाच, सह्याद्रीनं पाऊस अडवून उरलेला ओलावा आमच्या वाट्याला. आमच्या पोरांचे आजे-पणजे ज्या छायेत जगले तिची कड कशी असते ते मी पहिल्यांदा पाहिलं. ती पायाखाली होती, दोन पावलांत ओलांडता येत होती. मी शिकवायला तोंड उघडलं आणि घसा दाटून आला. साक्रीच म्हणाला, "मॅडम, आपण पलीकडचे."

तिथंच चोपडा सॅक न उतरवता उभा होता. इतरांनी उतरवून फोटो काढायला सुरुवात केलेली. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "राहू द्या, बसलीय बरोबर." मला त्याच्या वडिलांचा प्रश्न आठवला, आणि वाटलं, आता निदान एक धागा हाती आलाय. वडील वाहतात ते ओझं दुसऱ्याचं. कुठं न्यायचं, केव्हा उतरवायचं, किती फेऱ्या, हे गाडीवाला ठरवतो. पोराच्या पाठीवर त्याचं अंथरूण होतं, त्याचं जेवण होतं, आणि सावद्याच्या तंबूचे खांब होते. ते त्यानं स्वतः मागून घेतले होते. ओझं कुठलं घ्यायचं हे आपलं आपण ठरवायची वेळ त्या घरात बहुधा पहिल्यांदा आली होती, आणि तिचे पैसे पडतात, हेही खरंच. केळी वाहणाऱ्याच्या पोरावर ही वेळ एकदा तरी यावी असं मला मनापासून वाटतं.

खिंडीपलीकडं शियागोरूच्या तळावर त्या रात्री डाळ शिजली नाही. उंचीवर पाणी सत्त्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, आणि कुकरची रिंग वाटेत कुठं तरी पडली होती. कच्च्या डाळीबरोबर सावद्याच्या घरचे बिबडे भाजून खाल्ले. एकही मोडला नव्हता. सकाळी लवकर, रात्रीच्या थंडीनं बर्फाचं वितळणं थांबून पाणी उतरलेलं असतं तेव्हाच, हातात हात घालून नदी ओलांडली. पोटऱ्यांपर्यंतच होती, पण पलीकडं गेल्यावर पाय आपले आहेत की नाहीत ते हातानं चाचपून पाहावं लागलं.

छत्रूला उतरलो आणि समोर चंद्रा नदी, करडी, दगड गडगडवत चाललेली. पारोळ्याला मी सांगितलं की ही पुढं तांदीला भागा नदीला मिळते, मग तिचं नाव चंद्रभागा, आणि खाली गेल्यावर चिनाब. तो ऐकतच राहिला. त्याची आजी त्याच वेळी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीच्या वाटेवर होती. आपल्या पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा, चंद्रकोरीसारखी वळलेली म्हणून ते नाव. ही वेगळी, हेही मी सांगितलं. त्यानं तरी रिकामी बाटली काढली आणि वाकून भरली. "भागा अजून मिळायचीय ना? मग आजीला अर्धीच चंद्रभागा." परतीला सगळे सामान कमी करायच्या मागं होते, आणि त्यानं एक लिटर, म्हणजे पुरतं एक किलो, वाढवून घेतलं.

परत येताना अटल बोगद्यातून आलो. नऊ किलोमीटर. पायांनी दोन दिवसांत ओलांडलेली रांग पंधरा मिनिटांत मागं पडली. पोरं काही बोलत नव्हती.

आठ दिवसांनी मी पुन्हा चोपड्याकडं गेले. निमित्त संमतिपत्राचं नव्हतं. मला जायचं होतं. वडील नुकतेच बागेतून आलेले, पाय गाऱ्यानं माखलेले. ओट्याच्या कोपऱ्यात सॅक होती, धुऊन वाळत ठेवलेली. पोरगा त्यांना काय काय सांगत होता, बर्फ, नदी, सावद्याची गोष्ट. ते ऐकत सॅकेकडं बघत होते. मग उठले, रिकामी पाठीवर घेतली, खाली ठेवली.

"यान्हामा काही तरी टाक. रिकामीमा काय समजी?"

पोरानं घरातून बाजरीची दहा किलोची पिशवी आणली आणि आत घातली, पाठीच्या बाजूला, चिकटून. त्यांच्यापुढं उभं राहून कमरेचा पट्टा आवळून दिला. मग खांद्याचे. ते अंगणात एक चक्कर मारून आले, मग दुसरी. हात आपसूक डोक्याकडं जात होता, घड सावरायला, आणि तिथं काही नव्हतं म्हणून परत खाली येत होता.

"बठ्ठं वझं कंबरवर येस," ते म्हणाले. मानेवरून हात फिरवला. "मान मोकळी ऱ्हास. कितलानी शे हाई?"

"भाड्यानी शे, पप्पा. सोमवारे परत देनी पडी."

त्यावर ते काही बोलले नाहीत. पट्टा मात्र सोडला नाही. पायरी उतरले आणि सॅकेसकट केळीच्या बांधाकडं चालू लागले.